पावसाळ्यानंतरची डागडुजी: सायकल आणि घरातील किरकोळ कामे

धागाकर्ता: उत्तरा_नक्षत्र

पावसाचा जोर ओसरला की घरोघरी एकाच वेळी बऱ्याच गोष्टी कुरकुरू लागतात. न्हाणीघराचे दार चौकटीत अडकते, गच्चीवरच्या टाकीखालचा नळ ठिबकू लागतो आणि जिन्याखाली चार महिने उभी असलेली सायकल बाहेर काढावी तर चेनवर तांबूस गंज चढलेला असतो. खंडेनवमीला सायकल धुऊन, झेंडूचा हार घालून पूजेला लावण्याची पद्धत आपल्याकडे आहे, त्यामुळे निदान त्या निमित्ताने तरी तिच्याकडे लक्ष जाते. अशा किरकोळ कामांविषयी येथे सविस्तर लिहावे, जाणकारांनी भर घालावी आणि ज्यांना पाना हातात धरायची सवय नाही त्यांनी निःसंकोच विचारावे, एवढ्यासाठी हा धागा काढला आहे.

घरगुती दुरुस्ती हाताला कसब नसल्यामुळे फसते असे आपण समजतो. मला वाटते, ती बहुतेक वेळा दोष कुठे आहे हे न पाहता सुटा भाग बदलल्यामुळे फसते. नळ गळतो म्हणून नवा नळ येतो, चेन उतरते म्हणून नवी चेन येते, पैसे जातात आणि थोड्याच दिवसांत तक्रार पुन्हा तीच राहते.

नळाचेच घ्या. पुष्कळ फेरे घेऊन बंद होणाऱ्या साध्या पितळी नळात पाणी नेमके कुठून येते हे आधी पाहावे. नळ पूर्ण बंद करूनही तोंडातून थेंब पडत असतील तर वायसर झिजला आहे, किंवा ज्या बैठकीवर तो दाबला जातो तिला खड्डे पडले आहेत. नळ चालू असताना मुठीखालून, दांड्याच्या मुळाशी पाणी झिरपत असेल तर बिचाऱ्या वायसरचा काहीच दोष नाही; तेथील ग्लँडचे, म्हणजे दांड्याभोवती पाणी अडवणाऱ्या भागाचे, पॅकिंग सैल झालेले असते आणि ग्लँडचा नट पाव फेरा आवळला तरी बहुधा काम भागते. भिंतीला लागून ओल दिसत असेल तर पाणी आट्यांतून येत आहे, म्हणजे नळ काढून टेफ्लॉन टेप नव्याने गुंडाळावी लागणार. ही टेप आट्यांचे तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायची असते. उलट गुंडाळली तर नळ आवळताना ती सुटत जाते आणि कडेला गोळा होते. जोडणी प्लास्टिकच्या पाइपाची असेल तर टेपचे खूप थर देऊन पाइप पान्याने जोर लावणे धोक्याचे आहे, कारण पितळी नळाला काही होत नाही आणि भिंतीतला प्लास्टिकचा सांधा मात्र तडकतो. मग टाइल फोडण्यावाचून गत्यंतर नसते.

वायसर बदलायचा असेल तर मुख्य कॉक बंद करून, पाइपातले पाणी काढून, नळ उघडल्यावर करंगळी आत घालून बैठकीवरून एकदा फिरवावी. कड गुळगुळीत लागली तर नवा वायसर टिकेल. खरखरीत किंवा एका जागी खाच लागली तर नवा वायसर त्या खाचेवर दाबला जाऊन लवकरच कापला जाईल, आणि अशा वेळी नळच बदलणे योग्य ठरते. पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या नळांत वायसर नसून चिनीमातीच्या चकत्यांचे कार्ट्रिज असते. ते आणायला जाताना जुने कार्ट्रिज सोबत न्यावे, कारण त्याची लांबी आणि वरच्या दात्यांची संख्या कंपनीगणिक बदलते. एका सेकंदाला एक थेंब या गतीने ठिबकणाऱ्या नळातून, 20 थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला चार लिटरांहून थोडे अधिक पाणी जाते. ज्या गावांत नळाला एक दिवसाआड पाणी येते तेथे हे किरकोळ म्हणता येणार नाही.

आता चेन. ती सैल वाटली की लोक मागचे चाक ओढून ताणतात, आणि एका गतीच्या साध्या सायकलीत पुष्कळदा तेवढेच पुरते. पुढच्या व मागच्या चक्रांच्या मधोमध चेन बोटाने वरखाली केली असता साधारण अर्धा इंच हलावी. मात्र पायडलचा पूर्ण फेरा देऊन, चेन सर्वांत ताठ असेल त्या जागी हे पाहावे. ताणूनही चेन दात्यांवरून घसरत असेल तर स्टीलची पट्टी घेऊन ती मोजावी. सायकलीच्या चेनच्या दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच असते, म्हणजे एका पिनेच्या मध्यावर पट्टीचे शून्य धरले की तिच्यापुढची चोविसावी पिन बरोबर 12 इंचांवर यायला हवी. ती रेषेच्या एक सोळांश इंच, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटर पुढे गेली असेल तर चेन बदलावी. एक अष्टमांश इंच पुढे गेली असेल तर फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चक्राचे, दातेही त्या लांबलेल्या चेनच्या मापाने झिजलेले असतात, आणि तेव्हा नुसती नवी चेन घातली तर ती जुन्या दात्यांवर उड्या मारते. नव्या चेनला दोष देणारे बहुतेक जण या टप्प्यावर अडकलेले असतात.

प्रतिसाद: सुतारपक्षी

उत्तम विषय. दारांविषयी थोडे लिहितो, कारण पावसाळ्यात आणि त्यानंतर सर्वाधिक तासले जातात ते दारच, आणि ते विनाकारण तासले जातात.

लाकूड ओलाव्याने आडव्या दिशेने फुगते, उभ्या दिशेने त्याची लांबी जवळजवळ बदलत नाही. त्यामुळे फुगलेले दार कडीच्या बाजूला वरपासून खालपर्यंत अडकते. दार फक्त कडीकडच्या वरच्या कोपऱ्यात किंवा खालच्या कोपऱ्यात फरशीला घासत असेल, आणि बिजागरीच्या बाजूला वर फट मोठी दिसत असेल, तर लाकूड फुगलेले नाही, दार झुकलेले आहे. वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल झाले आहेत. अशा दाराला रंधा मारला तर स्क्रू आवळल्यावर तेथे कायमची फट राहते.

स्क्रू नुसता गोल फिरत असेल, म्हणजे भोकाने पकड सोडली असेल, तर स्क्रू काढून भोकात बांबूची किंवा सागाची बारीक काडी लाकडाच्या गोंदात बुडवून ठोकावी, वरचा भाग पटाशीने साफ करावा आणि रात्रभर वाळू द्यावे. दुसऱ्या दिवशी त्याच जागी स्क्रू घट्ट बसतो. आगपेटीच्या काड्याही चालतात, पण जड दाराला बांबू बरा.

दार खरोखरच फुगले असेल तर कार्तिकापर्यंत थांबावे असे माझे स्पष्ट मत आहे. तोवर घासणाऱ्या कडेवर कोरडा साबण किंवा मेणबत्ती चोळली की काम चालते. हवा कोरडी झाल्यावर दार आपोआप आत येते; तेव्हाही अडकत असेल तर खडूची भुकटी चौकटीला लावून दार बंद करावे आणि जेथे खडू उमटेल तेवढाच भाग तासावा. त्यानंतरचे काम बहुतेक सुतारसुद्धा टाळतात: दाराच्या वरच्या आणि खालच्या कडांना रंग किंवा वॉर्निश लावणे. या दोन कडांवर लाकडाच्या नळ्यांची तोंडे उघडी असतात आणि ओल प्रामुख्याने तेथूनच आत शिरते. न्हाणीघराच्या दाराची खालची कड कुजण्याचे कारणही हेच आहे. दार बिजागरीतून काढल्याशिवाय खालची कड रंगवता येत नाही, म्हणून ती कायम कोरीच राहते.

प्रतिसाद: भीमाकाठ

सायकलीविषयी एक प्रश्न विचारते. माझ्या मुलाच्या सायकलीचे मागचे चाक वारंवार पंक्चर होते. पंक्चर काढून आणले की दोनतीन दिवस ठीक चालते आणि पुन्हा हवा जाते. दुकानदाराने ट्यूब बदलण्यास सांगितले, ती बदलली, तरी तक्रार कायम आहे. टायर दिसायला चांगला आहे. आमचा भाग सोलापूरकडचा आहे.

प्रतिसाद: सराटा

भीमाकाठ ताई, आपण सोलापूरकडच्या आहात म्हटल्यावर पहिला संशय बाभळीच्या काट्यावर आणि सराट्यावर जातो. काटा ट्यूबमध्ये शिरून मोडतो, त्याचे टोक टायरच्या रबरात राहते, आणि ते आतून इतके थोडे बाहेर आलेले असते की डोळ्यांना दिसत नाही. ट्यूब नवी घातली तरी वजन पडल्यावर ते टोक पुन्हा टोचते. म्हणून ट्यूब बदलण्यापेक्षा टायर तपासणे महत्त्वाचे आहे.

तपासण्याची पद्धत अशी आहे. टायरवर जेथे कंपनीचे नाव छापलेले आहे ती जागा आणि ट्यूबचा व्हॉल्व एकमेकांसमोर येतील असा टायर नेहमी बसवावा. ट्यूब बाहेर काढल्यावर तिच्यात हवा भरून ती घमेल्यातल्या पाण्यात थोडी थोडी बुडवावी, बुडबुडे येतील तेथे पेनने खूण करावी, आणि व्हॉल्वपासून त्या खुणेपर्यंतचे अंतर मोजून टायरवर तेवढ्याच अंतरावर शोध घ्यावा. ट्यूब कोणत्या बाजूने काढली हे लक्षात नसेल तर व्हॉल्वच्या दोन्ही बाजूंना पाहावे. टायरच्या आतून उघडे बोट फिरवू नये, कापसाचा बोळा किंवा जुन्या बनियनची चिंधी फिरवावी. धागा जेथे अडकेल तेथे काटा असतो. तो पक्कडीने किंवा चिमट्याने बाहेर काढावा.

भोकाच्या आकारावरूनही कारण कळते. ट्यूबच्या बाहेरच्या, म्हणजे रस्त्याकडच्या बाजूला एकच बारीक भोक असेल तर काटा किंवा खिळा. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर टायरमध्ये हवा कमी होती, सायकल खड्ड्यातून किंवा दगडावरून गेली आणि ट्यूब रिमच्या दोन कडांत चिमटली. ट्यूबच्या आतल्या, रिमकडच्या बाजूला भोक असेल तर रिमवरची पट्टी सरकली आहे आणि स्पोकचे टोक किंवा निपलची कड ट्यूबला लागते आहे. पट्टी नवी घालावी आणि बाहेर आलेले टोक कानशीने घासावे. आणि भोक सापडतच नसेल तर व्हॉल्व पाहावा. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्वमध्ये पितळी नळीवर रबराची बारीक वाल-ट्यूब चढवलेली असते. ती उन्हाने कडक होते, चिरते आणि रात्रीतून हवा सोडते. हवा भरल्यावर व्हॉल्वच्या तोंडाला एक थेंब पाणी किंवा थुंकी लावून पाहिले की लगेच कळते. ही नळी अगदी क्षुल्लक किमतीला मिळते, आणि तिच्यापायी चांगल्या ट्यूब फेकल्या जातात.

पॅच लावताना घाई नडते. ट्यूबचा भाग पॉलिश पेपरने पॅचच्या आकाराहून थोडा मोठा असा खरवडावा, चमक पूर्ण जायला हवी. त्यावर रबर सोल्युशनचा पातळ थर द्यावा आणि तो बोटाला चिकटेनासा होईपर्यंत, साधारण पाच मिनिटे, थांबावे. ओल्या सोल्युशनवर दाबलेला पॅच हवा भरल्यावर कडेने उचलतो. पॅच मध्यापासून कडेकडे दाबत जावा आणि शेवटी टायर बसवताना पटाडीचा (टायर काढण्याच्या पट्टीचा) उपयोग शक्यतो करू नये. टायरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत आणली तर शेवटचा टप्पा अंगठ्यांनी बसतो. पटाडीने बसवलेल्या टायरात ट्यूब चावली जाण्याची भीती असते, आणि मग नवे पंक्चर जुन्याच्या माथी मारले जाते.

प्रतिसाद: खारेवारे

रत्नागिरीजवळ समुद्रापासून फार लांब नसलेल्या गावात राहतो, त्यामुळे माझा विषय गंज हाच आहे. उत्तरा_नक्षत्र यांनी चेन मोजण्याविषयी लिहिले ते योग्यच आहे, पण आमच्याकडे चेन झिजण्याआधी जाम होते.

चेनला तेल कुठे लागते याबद्दल गैरसमज आहे. बाहेरून चकचकीत दिसावी म्हणून लोक चेनवर तेलाची धार सोडतात. त्या तेलावर धूळ बसते, धुळीची काळी पेस्ट होते आणि तीच पेस्ट पिना घासून काढते. तेल लागते ते रोलरच्या आत, पिनेवर. म्हणून पायडल उलटे फिरवत चेनच्या आतल्या बाजूने प्रत्येक रोलरवर एक थेंब सोडावा, चेन काही मिनिटे तशीच फिरवावी आणि मग कोरड्या कापडाने बाहेरून शक्य तितकी पुसून घ्यावी. पुसणे राहिले तर तेल घालून उपयोग नाही.

शिलाई मशीनचे तेल पातळ असते. ते आत चटकन शिरते, पण पहिल्या जोरदार सरीत धुऊन जाते, म्हणून पावसाळ्यात ते पुरे पडत नाही. मोटारसायकलच्या इंजिनचे तेल टिकते, फक्त पुसण्याची शिस्त अधिक लागते. खोबरेल तेल वापरू नये, थंडीत ते गोठते आणि काही काळाने चिकट होते. गंज सोडवण्याचे जे फवारे मिळतात ते अडकलेला नट सोडवण्यास उत्तम, परंतु ते उडून जातात; फवारा मारून चेन तशीच ठेवली तर ती आधीपेक्षा कोरडी होते. त्यानंतर तेल द्यावेच लागते. पूर्वी चेन रॉकेलमध्ये भिजत घालत असत. आता रॉकेल सहज मिळत नाही, म्हणून डिझेल वापरले जाते. ते वापरताना काम अंगणात करावे, चुलीपासून आणि देवघरातल्या समईपासून दूर, आणि काळे झालेले डिझेल मोरीत ओतू नये.

आणखी एक विनंती. दसऱ्याला सायकल धुताना गाडी धुण्याच्या जोरदार पाण्याच्या पंपाखाली नेऊ नये. तो झोत चाकाच्या हबच्या आणि पायडलच्या मधल्या आसाच्या छर्ऱ्यांपर्यंत पाणी पोचवतो, ग्रीस बाहेर काढतो, आणि बाहेरून सायकल लखलखीत असताना आत गंज सुरू होतो. बादली, मऊ ब्रश आणि साबणाचे पाणी पुरेसे आहे. धुतल्यावर सायकल उन्हात ठेवून लगेच चेनला तेल द्यावे, दुसऱ्या दिवसावर टाकू नये.

प्रतिसाद: अंगणवेल

विजेच्या कामांविषयी येथे कोणी लिहिले नाही, ते एका अर्थी बरेच झाले. तरी छताचा पंखा मंद फिरणे ही तक्रार इतकी सर्रास आहे की तेवढी मांडते. रेग्युलेटर पूर्ण वर असूनही पंखा रेंगाळत असेल, किंवा नुसता गुणगुणत उभा राहत असेल आणि काठीने पाते ढकलल्यावर फिरू लागत असेल, तर बहुधा कपॅसिटर कमकुवत झालेला असतो. घरगुती पंख्यांत तो बहुतेक 2.5 मायक्रोफॅरडचा असतो. जुन्यावर छापलेला आकडा पाहून तेवढ्याचाच आणावा. जास्त आकड्याचा घातला तर पंखा अधिक जोरात फिरेल असे काही दुकानांत सांगतात, पण त्याने मोटार तापते.

हे काम करताना भिंतीवरचे बटण बंद करणे पुरेसे नाही. जुन्या घरांत बटण न्यूट्रलच्या तारेवर बसवलेले सापडते, म्हणजे बटण बंद असताना पंख्यापर्यंत वीज आलेलीच असते. मुख्य स्विच पाडावा आणि मगच टेस्टर लावून खात्री करावी. पावसाळ्यात भिंतीला ओल असेल, बोर्डावर हात ठेवल्यावर मुंग्या येत असतील, किंवा विजेची गळती झाल्यावर वीज तोडणारा ब्रेकर वारंवार पडत असेल, तर तेथे घरच्या माणसाने काहीही उघडू नये. परवानाधारक वायरमनला बोलवावे. नळ चुकला तर पाणी वाया जाते. विजेच्या कामात चूक सुधारायला दुसरी संधी मिळेलच असे नाही.

प्रतिसाद: सातारारोड

सर्व प्रतिसाद वाचले. मी घरातली 28 इंची, रॉड ब्रेकची जुनी सायकल अजूनही रोज वापरतो. सोनीपतला 1951 साली सुरू झालेल्या ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना 2020 च्या जूनमध्ये थांबला तेव्हा या सायकलींचे सुटे भाग मिळतील की नाही याची काळजी वाटली होती. पण काही पिढ्या मापे तीच राहिल्यामुळे एकीचा भाग दुसरीला बसतो आणि पेठेतल्या जुन्या दुकानांत आजही सर्व काही मिळते. या सायकलीची खरी श्रीमंती मला हीच वाटते.

चाकाचा आउट, म्हणजे फिरताना रिम एका जागी बाजूला किंवा वर जाणे, तो काढण्याविषयी एक सूक्ष्म गोष्ट सांगतो. केबलच्या ब्रेकची रबरे रिमच्या दोन्ही बाजूंना दाबली जातात, त्यामुळे चाक डावीउजवीकडे दोनतीन मिलिमीटर हलले तरी ब्रेक घासतो. रॉड ब्रेकची रबरे रिमच्या आतल्या, हबकडच्या बाजूवर वर ओढली जातात. तेथे बाजूचा आउट फारसा नडत नाही, वरखाली होणारा उठाव मात्र लगेच जाणवतो. ब्रेक दाबल्यावर हँडलला ठराविक जागी धक्का बसत असेल तर रिममध्ये उठाव आहे, आणि ते काम कारागिराकडे द्यावे.

बाजूचा आउट मात्र घरी काढता येतो. सायकल उलटी उभी करून चिमट्याला (चाक धरणाऱ्या दांड्यांना) किंवा ब्रेकच्या दांडीला खडू टेकवून चाक फिरवावे. रिम उजवीकडे जात असेल तर त्या टापूतली डावीकडच्या फ्लँजला (हबच्या कडेला) जाणारी तार, म्हणजे स्पोक, पाव फेरा आवळावी आणि शेजारची उजवीकडची पाव फेरा सैल करावी. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही. आवळण्याआधी सर्व तारा बोटाने छेडून पाहाव्यात; एकाच बाजूच्या तारांचा आवाज साधारण सारखा यायला हवा, आणि एखादी ठप्प वाजत असेल तर बहुतेक आउटचे मूळ तीच सैल तार असते. तेव्हा बाकी कशालाही हात न लावता तेवढी एक आवळावी.

स्टीलच्या रिमवर ओल असताना ब्रेक अतिशय कमी लागतो हे पावसाळ्यात चालवणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. नवे रबर घालून त्यात फार फरक पडत नाही. घाटात उतरताना ब्रेक हलका हलका आधीपासून लावून रिमवरचे पाणी पुसत राहणे हाच त्यावर उपाय आहे.

प्रतिसाद: मोगरी

माझी सायकलही अशीच जुनी आहे. चालवताना कट, कट असा आवाज येतो. एका ठिकाणी फ्रीव्हील बदलण्यास सांगितले, दुसऱ्या ठिकाणी मधला आस. दोन्हींचा खर्च करण्याआधी घरी काही ठरवता येईल का?

प्रतिसाद: उत्तरा_नक्षत्र (धागाकर्ता)

नक्की ठरवता येईल, मोगरी, आणि त्यासाठी एकही पाना लागत नाही. आवाज किती वेळाने येतो हे मोजायचे.

सपाट, शांत रस्त्यावर वेग घेऊन पायडल मारणे थांबवा. तरीही आवाज येत राहिला तर दोष चाकात आहे: हबचा कोन (छर्ऱ्यांवर दाबणारा शंकूसारखा नट), सैल तार किंवा मडगार्डची दांडी. फ्रीव्हीलची नेहमीची किरकिर यात धरू नका; ती सलग आणि बारीक असते, आत कुत्री (दात्यांत अडकणारे छोटे खटके) दात्यांवरून सरकत असल्यामुळे येते. पायडल थांबवताच आवाज बंद झाला तर तो ताणाखाली येणारा आवाज आहे. मग पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा, तेही एकाच जागी येतो का ते पाहा. तसे असेल तर पायडल, क्रँक (पायडलची दांडी) किंवा मधला आस. आवाज पायडलच्या दोन-अडीच फेऱ्यांनी एकदा येत असेल तर चेनची एखादी कडी आखडली आहे, कारण पुढच्या चक्राला 44 किंवा 48 दाते असतात, चेनला शंभरावर कड्या, आणि चेनचा एक फेरा पूर्ण व्हायला पायडलचे दोनाहून अधिक फेरे लागतात.

पायडलच्या फेऱ्याशी जुळणारा आवाज असेल तर सायकल भिंतीला टेकवून दोन्ही क्रँक जमिनीला समांतर ठेवा आणि दोन्ही पायडलांवर हातांनी एकदम दाब द्या. मग क्रँक अर्धा फेरा फिरवून पुन्हा तसेच करा. एका स्थितीत क्रँक किंचित खचल्यासारखा वाटला तर कॉटर पिन, म्हणजे क्रँकला आसावर पक्का धरणारी खीळ, सैल आहे. क्रँक धरून चाकांच्या आडव्या दिशेने, म्हणजे फ्रेमकडे आणि बाहेर हलवल्यावर दोन्ही बाजूंचे क्रँक एकत्र हलले तर मधल्या आसाची वाटी (छर्रे फिरतात ती) सैल आहे. एकच हलला तर पिनच.

पायडल काढून पाहायचे झाल्यास एक सावधगिरी बाळगा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. लक्षात ठेवण्याची सोय अशी की पाना आसावर वरच्या बाजूला उभा धरला तर दोन्ही पायडले पुढच्या चाकाकडे ढकलल्याने आवळतात आणि मागच्या चाकाकडे ओढल्याने सुटतात. मधल्या आसाच्या उजव्या, चेनकडच्या वाटीचेही आटे या सायकलींत उलटे असतात. जोर लावून ती वाटी चुकीच्या दिशेने ओढणारे पुष्कळ जण शेवटी फ्रेमचे आटे खराब करतात, म्हणून तेथे घरी हात न घालणे बरे.

प्रतिसाद: मोगरी

सांगितल्याप्रमाणे पाहिले. पायडल थांबवल्यावर आवाज थांबतो, प्रत्येक फेऱ्याला एकदा येतो, आणि डावा क्रँक एका स्थितीत खचतो. उजवा हलत नाही. म्हणजे डावी कॉटर पिन. ती घरी बदलता येईल का? नट आवळून पाहिला, तो आणखी आवळला जात नाही.

प्रतिसाद: सातारारोड

बदलता येते, फक्त आधार नीट हवा. नटाने पिन आत ओढून घेण्याचा प्रयत्न करू नये, त्याने पिनेचे आटे जातात. पिन हातोडीने बसते आणि नट तिला फक्त धरून ठेवतो.

नट पिनेच्या टोकाशी सपाट येईपर्यंत सैल करावा, म्हणजे ठोकताना आटे चेपत नाहीत. क्रँकखाली लोखंडी पाइपाचा जाड तुकडा जमिनीवर टेकवून असा उभा करावा की क्रँकचे वजन त्यावर येईल आणि पिनेचे डोके पाइपाच्या पोकळीत उतरेल. हा आधार नसेल तर प्रत्येक घाव मधल्या आसाच्या छर्ऱ्यांवर बसतो आणि वाट्यांना खड्डे पडतात. मग हलके हलके दहा घाव घालण्याऐवजी मध्यम वजनाच्या हातोडीने एक नेमका घाव घालावा. नवी पिन आणताना जुनी सोबत न्यावी, कारण जाडी आणि उताराचा कोन जुळला पाहिजे.

नव्या पिनेची सपाट बाजू आसाच्या खाचेवर पूर्ण टेकते का हे, पिन घालून बाहेर काढून, तिच्यावर उमटलेल्या खुणेवरून कळते. खूण एकाच टोकाला असेल तर दुसरे टोक उंच आहे. तेथे कानस सपाट धरून थोडे थोडे घासावे, जोवर खूण सर्वत्र उमटत नाही. उजव्या पिनेचा नट ज्या दिशेला आहे त्याच्या विरुद्ध दिशेला डाव्याचा नट यायला हवा, म्हणजे एक क्रँक वर आणि दुसरा खाली धरला तर एकाचा नट पुढे आणि दुसऱ्याचा मागे. पिन त्याच बाजूने घातली गेली तर दोन्ही क्रँक एका रेषेत राहत नाहीत आणि पाय वाकडा पडतो. बसवल्यावर आठवडाभर सायकल चालवावी, पुन्हा आधार देऊन एक घाव घालावा आणि नट शेवटचा आवळावा. पहिल्या आवळणीनंतर पिन थोडी बसते, आणि ही दुसरी आवळणी राहून गेली तर तोच आवाज परत येतो.